सपाट रस्त्यावर न दिसणारी इजा

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये रस्ता ओलांडणारे एखादे भटके कुत्रे जरा निरखून पाहा. रस्त्याच्या मध्ये वीतभर उंचीचा डिव्हायडर असतो. त्याच्यापासून दोन-तीन पावलांवर असतानाच कुत्र्याची नजर त्या कडेवर जाते. मग ती तिथून उठते आणि पलीकडून येणाऱ्या स्कूटरकडे, नाहीतर कचोरीच्या गाडीकडे वळते. पुढचा एक पंजा कडेला न घासता, दोन बोटांचे अंतर राखून पलीकडे पडतो, मागोमाग दुसरा. एव्हाना डिव्हायडर कुत्र्याच्या पोटाखाली आलेला असतो, म्हणजे त्याला तो दिसणे शक्यच नाही. तरीही मागचे दोन्ही पाय नेमक्या जागी, हवे तेवढेच वर उचलले जातात. कड कुठेही लागत नाही, कुत्रे खाली बघत नाही आणि चाल मोडत नाही.

एवढ्याशा हालचालीला मेंदूचे जितके भाग कामाला लागतात, तितके सपाट रस्त्यावर मैलभर चालायलाही लागत नाहीत. म्हणूनच मेंदूला इजा झालेला प्राणी सपाट जागेवर बघणाऱ्याला फसवतो. तो चालतो, दुडकतो, हाक मारली की येतो. घरचे म्हणतात, आता बरा आहे. मग जिना लागतो, दाराचा उंबरा लागतो, उघड्या गटारावर टाकलेली फरशी लागते, आणि पंजा तिथे दुमडतो किंवा आपटतो.

हा विषय सिटी सेंटरमधून काढायला कारण आहे. १९६४ साली स्थापन झालेले जिवाजी विद्यापीठ इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे मज्जाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवणारी विद्यापीठे आपल्या देशात फार नाहीत. लष्कर भागात १९४६ साली सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. शरीराच्या हालचालींचा अभ्यास खेळाच्या बाजूने करणारी, १९५७ सालची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थाही याच शहरात आहे. शिंद्यांच्या मागोमाग इथे आलेल्या मराठी घरांतल्या मुलांना मेंदू आणि पाय यांचे नाते समजून घ्यायला गाव सोडावे लागत नाही. बाकी निरीक्षणाचे साहित्य रस्त्यावर हिंडतेच आहे.

पशुवैद्याच्या टेबलापासून सुरुवात करू. मेंदूच्या आजाराची शंका असलेले कुत्रे आणले, की पशुवैद्य आधी त्याला चालवून बघतात आणि लगेच एक साधी गोष्ट करतात. कुत्र्याला उभे करून, पोटाखाली हाताचा आधार देऊन त्याचा एक पंजा उलटा करतात, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवतात. निरोगी कुत्रे पापणी लवते न लवते तोच पंजा सरळ करते. पंजा उलटा राहू देणे त्याला सहनच होत नाही. पण मोठ्या मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात गाठ, सूज किंवा रक्तस्राव असेल, तर डावा पंजा उलटाच राहतो. दोन क्षण जातात, चार जातात, कुत्रे त्या पंजावर भार टाकून शांत उभे असते. नवखा माणूस हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा चरकतो, कारण हेच कुत्रे मिनिटभरापूर्वी खोलीत सरळ चालत आलेले असते. फार तर ते इजेच्या बाजूला गोल फिरत असेल, बाकी चालीत खोट काढायला जागा नसते.

दुसरी चाचणी टेबलाच्या कडेची. लहान कुत्र्याला किंवा मांजराला उचलून धरायचे आणि पायाची वरची बाजू टेबलाच्या कडेला लागेल असे पुढे न्यायचे. निरोगी प्राणी कड लागताच पाय उचलून टेबलावर ठेवतो. आधी डोळे झाकून आणि मग उघडे ठेवून ही चाचणी केली, की स्पर्श आणि दृष्टी यांतला कोणता दुवा तुटला आहे तेही कळते. मेंदूच्या एका बाजूला इजा असेल तर दुसऱ्या बाजूचा पाय कडेला नुसता लोंबत राहतो. यंत्र नाही, वीज नाही, पैसा नाही. इतक्या स्वस्तात मेंदूच्या आतले इतके काही सांगणारी दुसरी परीक्षा माझ्या माहितीत नाही.

मग तो प्राणी चालतो कसा? याचे उत्तर शोधायला जवळपास शंभर वर्षे लागली. १९११ साली थॉमस ग्रॅहॅम ब्राउन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने दाखवले, की मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या, तरी मागच्या पायांच्या स्नायूंमध्ये चालण्याचा ठेका उमटतो. एक स्नायू आखडतो, त्याच्या विरुद्ध काम करणारा सैल पडतो, मग उलट. पाय दुमडणे आणि ताठ होणे यांची ही पाळी मज्जारज्जूतल्या चेतापेशींचे जाळे स्वतःच लावते. पुढे १९६६ साली मॉस्कोमध्ये शिक, सेव्हेरिन आणि ऑर्लोव्हस्की यांनी मोठा मेंदू वेगळा केलेल्या मांजराला सरकत्या पट्ट्यावर धरले आणि मध्यमेंदूतल्या एका लहानशा ठिकाणी विजेचा सौम्य प्रवाह दिला. मांजर चालू लागले. प्रवाह वाढवला तशी त्याची चाल दुडकी झाली, आणखी वाढवल्यावर ते चौखूर धावू लागले. हे शिलाई मशीनसारखे आहे. पायट्याने गती दिली, की सुई आपल्या ठेक्यात वरखाली होत राहते. कापडाला घडी आली, की मात्र हात लागतो.

आणि ठेचही काही प्रमाणात खालच्या खाली निभावली जाते. १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फोर्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांवर एक गोष्ट तपासली. पट्ट्यावर चालताना मागचा पंजा हवेत असताना त्याच्या वरच्या बाजूला काठी लागली, तर पाय आपोआप जास्त दुमडून काठीवरून जातो. तोच स्पर्श पंजा जमिनीवर टेकलेला असताना झाला, तर पाय उलट जास्त ताठ होतो, कारण त्या क्षणी तो उचलला तर मांजर कोसळेल. पाऊल कुठल्या टप्प्यावर आहे हे मज्जारज्जूला कळते आणि उत्तर त्याप्रमाणे बदलते, मेंदूला न विचारता. पण हे सगळे काठी लागल्यानंतरचे. काठी लागूच नये म्हणून आधी पाय उचलणे मज्जारज्जूला जमत नाही, कारण त्याला समोरचे दिसत नाही.

हा भेद ध्यानात न आल्यामुळे एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठरावीक जागी विजेचा स्पर्श केला, तर विरुद्ध बाजूचा पाय हलतो हे दाखवले होते. त्यावरून डेव्हिड फेरियर म्हणत होते, की प्रत्येक हालचालीला मेंदूत जागा नेमलेली आहे. स्ट्रासबर्गचे फ्रीड्रिश गोल्ट्झ यांना ते मान्य नव्हते. ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली, तेव्हा दोघांनी आपापला पुरावा जिवंत आणला. गोल्ट्झ यांनी मेंदूच्या पृष्ठभागाचा मोठा भाग काढलेले कुत्रे आणले होते. ते चालत होते, पळत होते, पाहत आणि ऐकत होते. फेरियर यांच्या माकडाच्या मेंदूचा डाव्या बाजूचा हालचालींचा भाग काढलेला होता. ते लंगडत आले. त्याचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा होता. पॅरिसचे प्रख्यात शार्को तिथे हजर होते. हा तर आपल्या वॉर्डातला रुग्णच, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले असे सांगतात. पक्षाघाताचा माणूस आणि ते माकड यांत फरक नव्हता.

पुढे परिषदेने नेमलेल्या समितीने दोन्ही मेंदू तपासले. गोल्ट्झ यांना वाटत होते त्यापेक्षा कुत्र्याच्या मेंदूचा कमी भाग गेला होता, आणि फेरियर यांची इजा अगदी त्यांनी सांगितल्या जागी होती. फेरियर जिंकले. पण माझ्या मते गोल्ट्झ यांच्या कुत्र्यावर त्या दिवशी अन्याय झाला. त्यांनी नंतर एका कुत्र्याचा जवळजवळ सगळा मोठा मेंदू काढला आणि १८९२ साली त्याची हकिकत प्रसिद्ध केली. ते कुत्रे दीड वर्ष जगले आणि चालत होते. अन्न तोंडाशी नेल्याशिवाय त्याला ते सापडत नव्हते, समोरचा धोका कळत नव्हता, शिकवलेले काही उरले नव्हते. चाल मात्र उरली होती. कुत्रे चालते म्हणून मेंदूच्या त्या भागाला काही काम नाही, हा गोल्ट्झ यांचा निष्कर्ष चुकला. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते.

कुत्र्यात आणि माकडात फरक पडतो तो तारा कुठे जोडल्या आहेत यामुळे. मोठ्या मेंदूतून निघून मज्जारज्जूत उतरणारा तंतूंचा जाड जुडगा दोघांतही असतो. कुत्र्यामांजरांत हे तंतू बहुतेक मधल्या चेतापेशींवर थांबतात आणि त्या पेशी पुढे स्नायू हलवणाऱ्या पेशींना निरोप देतात. शिवाय मध्यमेंदूतून येणारा एक दुसरा मार्गही त्यांच्यात मजबूत असतो, त्यामुळे एक वाट बंद झाली तरी काम भागते. माकडात आणि माणसात यांतले बरेच तंतू, विशेषतः हाताच्या बोटांसाठीचे, थेट स्नायू हलवणाऱ्या पेशींवर जाऊन टेकतात. या थेट जोडणीमुळे आपण सुईत दोरा ओवतो. तिची किंमत अशी, की माणसाला मेंदूत गुठळी झाली तर अर्धे अंग जाते, आणि कुत्र्याला तेवढीच इजा झाली तर ते काही दिवसांत उठून चालू लागते.

१८८१च्या त्या परिषदेनंतर आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितली पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेरियर यांच्यावर प्राणिक्रूरतेच्या १८७६च्या कायद्याखाली खटला भरला गेला. शस्त्रक्रिया परवाना असलेल्या सहकाऱ्याने केली होती हे पुढे आल्यावर तो फेटाळला गेला. प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न मज्जाविज्ञानाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. आज भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीची देखरेख असते, आणि नोंदणी व परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. या लेखात सांगितलेला जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष कुठल्या तरी मांजराने, कुत्र्याने किंवा उंदराने आपल्या शरीराने दिलेला आहे. तो वाचताना हे विसरू नये असे मला मनापासून वाटते.

सपाट जमिनीच्या पलीकडे बघायला सुरुवात झाली ती शिडीमुळे. १९४४ साली ऑक्सफर्डच्या लिडेल आणि फिलिप्स यांनी मोठ्या मेंदूतून उतरणारा तो जुडगाच कापलेली मांजरे पाहिली. जमिनीवर ती बऱ्यापैकी चालत होती. शिडीच्या दांड्यांवरून किंवा अरुंद पट्टीवरून जायला सांगितले, की त्यांचे पाय चुकत होते. १९९३ साली बेलोझेरोव्हा आणि सिरोटा यांनी आडव्या ठेवलेल्या शिडीवरून मांजरे चालवली आणि मेंदूतला हालचालींचा भाग काही काळापुरता बधिर केला. निष्कर्ष तोच निघाला. जमिनीवरची चाल शाबूत, दांड्यावर पंजा ठेवणे अशक्य. मॉन्ट्रियलमध्ये ट्रेव्हर ड्र्यू यांनी सरकत्या पट्ट्यावर अडथळे बसवले आणि चालत्या मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे संदेश नोंदवले. नेहमीच्या पावलाला मंद बोलणाऱ्या पेशी अडथळ्यावरून जाणाऱ्या पावलाला जोरात बोलू लागल्या. कोणती पेशी केव्हा बोलते तेही ठरलेले होते. काही पंजा उचलताना, काही कोपर दुमडताना, काही पंजा खाली ठेवताना. मेंदू इथे चालीचा ठेका देत नव्हता. ठेका खाली चालूच होता, मेंदू त्या एका पावलाला नवा आकार देत होता.

पण पाऊल उचलायचे केव्हा आणि किती, हे त्या पेशींना कोण सांगते? कवटीच्या वरच्या-मागच्या बाजूला, डोळ्यांकडून आणि अंगाकडून आलेली माहिती जिथे एकत्र होते, तिथे मेंदूचा पार्श्विक भाग आहे. त्याच्या एका पट्ट्याला शास्त्रज्ञ क्षेत्र ५ म्हणतात. ड्र्यू यांच्या गटाला इथे अशा पेशी मिळाल्या, की ज्या अडथळा अजून दोन-तीन पावले लांब असतानाच जाग्या होतात. आधी डावा पाय जाणार की उजवा याच्याशी त्यांतल्या काहींना देणेघेणे नसते. अडथळा येतो आहे आणि किती लांब आहे, एवढेच त्या सांगतात. २००७ साली लाझोई आणि ड्र्यू यांनी हाच पट्टा खराब झालेल्या मांजरांच्या चुका मोजल्या. त्यांचे स्नायू लुळे पडले नव्हते, पाय उचलायला जोर होता. पंजा टाकण्याची जागा चुकत होती. अडथळ्याच्या फार जवळ पाऊल पडायचे आणि पुढच्या पावलाला पंजा त्यावर आपटायचा. डोळे चांगले, पाय चांगले, आणि दोघांमधले अंतराचे गणित बिघडलेले.

मागच्या पायांचे कोडे सुटले ते कॅनडातल्याच अल्बर्टा विद्यापीठात. मक्व्ही आणि कीअर पीअर्सन यांनी केलेला हा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, आणि त्याच्या मूळ भागात मांजराला टाचणीही टोचलेली नाही. मांजर चालत येते. वाटेत एक लहानसा अडथळा आहे. पुढचे दोन्ही पाय त्यावरून जातात आणि नेमक्या त्या क्षणी समोर खाऊची वाटी धरली जाते. मांजर थांबते. अडथळा आता त्याच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये. मांजर खाण्यात गुंतले, की अडथळा आवाज न करता खाली सरकवून जमिनीसपाट करतात. मग वाटी पुढे नेली जाते आणि मांजर पुढे निघते. खाली आता काहीच नाही, तरी मागचे पाय एकामागून एक उंच उचलले जातात, नसलेल्या अडथळ्यावरून, नेमक्या त्याच्या जागेवर. मांजराला दहा मिनिटे थांबवून ठेवले तरी हे घडते. २००६ साली हे प्रसिद्ध झाले.

पुढच्या वर्षी त्यांनी याहून बारीक गोष्ट पकडली. मांजराने अडथळा नुसता पाहिला असेल आणि पुढचे पाय त्यावरून जाण्याआधीच त्याला थांबवले असेल, तर ती आठवण काही क्षणांतच विरते. पुढचे पाय अडथळा ओलांडून गेले, की मग ती मिनिटेच्या मिनिटे टिकते. म्हणजे आठवण पक्की होते ती ओलांडण्याच्या कृतीने. २००९ साली क्षेत्र ५ दोन्ही बाजूंनी निकामी केलेल्या मांजरांवर तोच प्रयोग केला, तेव्हा ही लांबवर टिकणारी आठवण गेलेली आढळली. न थांबता चालले तर मागचे पाय नीट उचलले जायचे. मध्ये थोडा खंड पडला, की ते विसरायचे. मला या जागी नेहमी थबकायला होते. त्या मांजराला दवाखान्यात नेले असते, तर पुढचे पाय चांगले, मागचे पाय चांगले, चाल चांगली असाच शेरा मिळाला असता. त्याचा दोष दोन पावलांमधल्या विरामात लपलेला होता.

२००९ सालीच कॅनडातल्या इयन व्हिशॉ यांच्या गटाने घोड्यांचे मागचे पायही अडथळ्याच्या जागेच्या आठवणीवर चालतात असे दाखवले. घोड्याला या आठवणीची गरज जास्तच आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ चहूकडचे दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि नाकाखालचे दिसत नाही. उडी घ्यायच्या ऐन क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून निसटलेला असतो, आणि तो घोडा आपल्या मेंदूने क्षणापूर्वी केलेल्या हिशेबावर हवेत जातो.

ग्वाल्हेरमध्ये घोडा आणि अडथळा म्हटल्यावर स्वर्णरेखा नाला आठवल्याशिवाय राहत नाही. जून १८५८ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाई इथे लढताना पडल्या. त्यांची समाधी फुलबागेजवळ आहे. राणीचा घोडा नवा होता, नाल्यापाशी येऊन तो अडला आणि काही केल्या उडी घेईना, ही कथा इथल्या प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. त्या घोड्याच्या मेंदूला काही झाले होते असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण चालणे आणि ओलांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कथेइतके कशानेच ठसत नाही. नाला गाठेपर्यंत तो घोडा भरधाव धावत होता. पाण्याची रुंदी, पलीकडची जमीन, पाठीवरचा अनोळखी स्वार, गोळ्यांचे आवाज या सगळ्यांचा मेळ घालून उडीचा निर्णय करायचे काम मेंदूच्या वरच्या भागांकडे असते, आणि धावण्याचा ठेका कितीही पक्का असला तरी तो या निर्णयाची जागा घेत नाही.

आता लहान मेंदू. डोक्याच्या मागे, मानेच्या वर असलेला हा भाग हालचालीचे माप राखतो. तो बिघडला, की लुळेपणा येत नाही, अतिरेक येतो. पाय हवा त्याहून उंच उचलला जातो आणि धपकन खाली पडतो. २०१३ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या लहान मेंदूच्या बाजूच्या भागाला इजा केली आणि त्यांना अडथळ्यावरून चालवले. पहिल्यांदा ओलांडणारा पुढचा पाय गरजेपेक्षा खूप वर जाऊ लागला. असलाच दोष घेऊन जन्मलेली मांजरीची पिल्ले आपल्या गल्ल्यांतही दिसतात. गाभण मांजरीला पॅनल्युकोपेनिया या विषाणूचा संसर्ग झाला, तर पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते. अशी पिल्ले झिंगल्यासारखी, पाय फेकत चालतात, खाताना डोके डुगडुगते. हा दोष वयाबरोबर वाढत नाही आणि पिल्लाला दुखतही नाही. घरात ठेवले तर ते पुष्कळ वर्षे आनंदाने जगते. लोक त्याला वेडे किंवा पिसाळलेले समजून हाकलतात, तेव्हा जीव तुटतो.

कुत्र्यांच्या बाबतीत हीच जागा डिस्टेंपरने घेतली आहे. या विषाणूने आजारी पडलेले पिल्लू आधी नाक-डोळे गळणे, खोकला, जुलाब यांनी हैराण होते. त्यातून वाचले तर काही आठवड्यांनी आजार मेंदूत आणि मज्जारज्जूत उतरतो. मग एखादा पाय किंवा जबडा ठरावीक तालात झटके देत राहतो, झोपेतसुद्धा. मागचे पाय डगमगतात, फुटपाथची कड चढताना घसरतात. रेबीज वेगळा आणि हे वेगळे, हे ओळखायला पशुवैद्यच लागतो. डिस्टेंपरची लस स्वस्त आणि खात्रीची आहे, आणि पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात तिचा पहिला डोस देतात.

मेंढपाळांना मेंदूची इजा आणखी एका रूपात माहीत आहे. कळपातली एखादी मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते, मान तिरकी धरते, चराऊ कुरणातला दगड किंवा चर आला की त्यावर धडपडते. तिच्या मेंदूत पाण्याने भरलेला फोड वाढत असतो. हा कुत्र्याच्या आतड्यातल्या एका फीतकृमीचा बाल्यावस्थेतला अवतार आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, मेंढी ती खाते, अळी रक्तातून मेंदूत पोहोचते आणि काही महिन्यांत फोड लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा होतो. त्याच्या दाबाने कवटीचे हाड इतके पातळ होते, की बोटाने दाबले तर दबते, आणि पशुवैद्य तिथूनच तो काढू शकतात. फोड लहान मेंदूत असेल तर मेंढी गोल न फिरता पाय उंच उचलून टाकते. धनगरवाड्यावर कापलेल्या मेंढीचे मुंडके कुत्र्याला टाकले, की हे चक्र पुन्हा सुरू होते. मुंडके जाळणे किंवा खोल पुरणे आणि राखणीच्या कुत्र्यांना नियमित जंताचे औषध देणे, एवढ्याने ते तुटते.

लिस्बनमधला एक प्रयोग या सगळ्याला वेगळी दिशा देतो. तिथल्या कँफ यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतला हालचालींचा भाग दोन्ही बाजूंनी काढला आणि त्यांना ओळीने मांडलेल्या पायऱ्यांवरून रोज जायला लावले. ते सफाईने जात होते. तासन्‌तास पाहूनही निरोगी उंदीर कोणते आणि इजा झालेले कोणते हे सांगणे कठीण होते. मग एके दिवशी, काही सूचना न देता, पायरी पायाखालून ढासळली. निरोगी उंदीर दचकले, सावरले आणि पुढे गेले. मेंदूला मोठी इजा झालेले काही उंदीर जिथल्या तिथे थिजले आणि कित्येक क्षण हललेच नाहीत. ओळखीचा अडथळा सरावाने पार होतो. अनपेक्षित प्रसंगात लगेच काय करायचे, ते ठरवायला हा भाग लागतो.

माणसात चित्र थोडे बदलते, पण रेषा त्याच आहेत. पक्षाघातातून सावरून पुन्हा चालू लागलेले आजोबा अंगणात फेऱ्या घालतात आणि लष्करातल्या जुन्या वाड्याच्या उंच उंबऱ्यावर ठेचाळतात, ते पाय अशक्त असल्यामुळेच असे नाही. बऱ्याचदा पाऊल उंबऱ्याच्या किती जवळ टाकायचे हा अंदाज हुकलेला असतो. कंपवातात तर उलटेच घडते. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी वर्णन केलेल्या या आजारात सपाट जमिनीवर पाय जणू चिकटून बसतात. पण जमिनीवर आडव्या रेघा आखल्या किंवा काठी आडवी धरली, की तोच माणूस पाय उचलून ती झोकात ओलांडतो. मेंदूच्या खोल भागातली, चाल आपोआप सुरू करणारी व्यवस्था अडलेली असते. डोळ्यांनी पाहून पाऊल टाकायची वाट वेगळी आहे आणि ती मोकळी राहते. म्हणून अशा रुग्णांसाठी जमिनीवर प्रकाशाची रेघ टाकणाऱ्या काठ्या तयार झाल्या आहेत.

प्राण्यांच्या फिजिओथेरपीत हेच ज्ञान आडव्या काठ्यांच्या रूपाने वापरतात. मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आजारातून उठलेल्या कुत्र्यासाठी जमिनीवर ओळीने काठ्या मांडतात, घरी झाडूचे दांडेही चालतात. पहिले काही दिवस त्या जमिनीला टेकलेल्याच असतात, पुढे विटांवर ठेवून दोन-तीन इंच वर घेतात. पट्टा धरून कुत्र्याला अगदी सावकाश चालवायचे असते, कारण वेगाने गेले तर ते दोन काठ्या एकदम उडी मारून पार करते आणि प्रत्येक पाय वेगळा उचलण्याचा सराव होत नाही. मध्ये एकदा, पुढचे पाय काठीपलीकडे गेल्यावर, त्याला क्षणभर थांबवावे आणि मग पुढे न्यावे. मागच्या पायांपैकी कोणता काठीला लागला ते लिहून ठेवावे आणि पुढच्या तपासणीला ती वही पशुवैद्याला दाखवावी.